मार्टिन लूथर : मुलगा आणि बाप

मार्टिन लूथर हें नांव ज्याच्या कानांवर कधीं पडलें नाहीं असा ख्रिस्ती मनुष्य आपल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांतही विरळाच सांपडेल. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजीं त्यानें विटेनबर्ग येथें क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध पंचाण्णव कलमें पुढें मांडलीं, १५२१ सालीं वर्म्स येथें बादशहासमोर उभें राहून आपलें लिखाण परत घेण्याचें नाकारिलें, आणि पवित्र शास्त्र जर्मन लोकांच्या हातीं त्यांच्याच भाषेंत दिलें, ह्या गोष्टी आपले उपदेशक दरवर्षीं सांगतात. त्या येथें पुन्हां सांगावयाच्या नाहींत. ज्या घरांत तो मार खाऊन वाढला त्या घराविषयीं, आणि पुढें जें घर त्यानें स्वतः उभारिलें त्याविषयीं आज लिहावयाचें आहे. पहिल्या घरापासून दुसऱ्या घरापर्यंतची वाट त्याला फार कष्टानें चालावी लागली, आणि ती सगळीच्या सगळी त्याची चालून झाली असेंही म्हणतां येत नाहीं.

मार्टिनचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ रोजीं जर्मनींतील आयस्लेबेन ह्या गांवीं झाला. दुसऱ्या दिवशीं संत मार्टिनाचा सण होता. त्याच दिवशीं बाळाचा बाप्तिस्मा होऊन त्याला तें नांव मिळालें. बाप हान्स हा मूळचा शेतकऱ्याचा मुलगा. त्या प्रांताच्या चालीप्रमाणें जमीन धाकट्या भावाकडे जावयाची, म्हणून थोरल्या हान्सला घर सोडून तांब्याच्या खाणींत पोट भरावयास जावें लागलें. मूल वर्षाचें होतें न होतें तोंच हें कुटुंब जवळच्या मान्सफेल्ट गांवीं येऊन राहिलें. आरंभीं ओढग्रस्त फार होती. आई मार्गारेटा रानांतून जळणाचा भारा पाठीवर वाहून आणी. आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या आयांनीं तेंच केलें आहे, तेव्हां त्या भाऱ्याचें वजन त्यांस निराळें सांगावयास नको. पुढें हान्सनें धातु गाळण्याच्या भट्ट्या खंडानें घेतल्या, चार पैसे गांठीस बांधिले, व गांवच्या कारभारी मंडळींत त्याला जागाही मिळाली. असा तो कष्टाळू, मानी व तापट मनुष्य होता, आणि आपल्या मुलानें मोठा वकील व्हावें एवढ्या एकाच आशेवर तो राबत होता.

अशा घरांत मुलांना मारणें हा अपराध समजला जात नव्हता. न मारणें हाच अपराध समजला जाई. एकदां अक्रोडासारख्या एका क्षुल्लक फळापायीं आईनें मार्टिनला रक्त येईपर्यंत मारिलें. बापानें एकदां असा चोप दिला कीं मुलगा त्याच्यापासून पळून गेला व त्याच्या मनांत बापाविषयीं अढी बसली. त्याला पुन्हां आपलासा करून घेण्यास हान्सला फार सायास पडले. ह्या गोष्टी लूथरनें प्रौढपणीं स्वतःच्या घरीं जेवणाच्या टेबलाशीं बसून सांगितल्या, व तेथें जेवावयास असलेल्या विद्यार्थ्यांनीं त्या टिपून ठेविल्या. जगाचा इतिहास ज्यानें फिरविला, राजेरजवाडे ज्याचीं पत्रें वाट पाहून वाचीत, त्या पन्नाशीच्या घरांतील मनुष्याला तें फळ अजून आठवत होतें. आईबापांचा हेतु चांगलाच होता, असेंही तो म्हणे. परंतु कोणत्या मुलाला किती शिक्षा सोसते ह्याची त्यांना पारख नव्हती, हेंही त्यानें झांकून ठेविलें नाहीं.

बापानें मुलाला पुन्हां जवळ घेण्याची खटपट केली, हा भाग कित्येक जण ही हकीकत सांगतांना गाळतात. तो गाळूं नये. मारणारा बाप प्रेमशून्य असतोच असें नाहीं, आणि म्हणूनच मुलाची कोंडी होते. ज्या हाताकडे धांवावयाचें तोच हात छडी धरितो. मग मुलानें भिऊन जावयाचें कोठें?

शाळेंतही सुटका नव्हती. मान्सफेल्टच्या लॅटिन शाळेंत एका सकाळीं मार्टिननें पंधरा वेळां मार खाल्ला. अपराध काय, तर जें व्याकरण त्याला कोणी शिकविलेंच नव्हतें तें त्याला म्हणतां आलें नाहीं. मुलांमधूनच एकाला चोरून लक्ष ठेवावयास नेमीत. त्याला लांडगा म्हणत. कोण लॅटिन सोडून घरची भाषा बोलला हें तो टिपून ठेवी, आणि आठवड्याच्या शेवटीं त्या हिशेबानें छड्या मिळत. आपल्याकडील जुन्या पंतोजींच्या शाळेंत ज्यांच्या आज्यापणज्यांनीं आंगठे धरून ओणवें उभें राहण्याची शिक्षा भोगिली, त्यांना हें चित्र परकें वाटणार नाहीं. लूथर हें विसरला नाहीं. १५२४ सालीं जर्मनींतील नगरसभांना त्यानें शाळा काढण्याविषयीं जें खुलें पत्र लिहिलें त्यांत आपल्या वेळच्या शाळांना त्यानें नरकाची उपमा दिली, आणि मुलांना शिकणें हें खेळासारखें आवडेल अशा शाळा मुलांसाठीं व मुलींसाठींही मागितल्या. (आपल्या देशांत २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळेंत मुलांना मारण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. घराच्या उंबरठ्याच्या आंत मात्र हा कायदा येत नाहीं.)

आतां ह्या माराचा परिणाम कोठें झाला तें पाहूं. पाठीवरचे वळ चार दिवसांत जातात. परंतु लहान मुलाला देवाचें तोंड कसें असेल हें कोणी सांगत नाहीं. तें आपल्या आईबापांच्या तोंडावरून तें ताडून पाहतें. त्या काळच्या देवळांत ख्रिस्ताचें चित्र काढीत तें इंद्रधनुष्यावर बसलेल्या न्यायाधीशाचें असे. मार्टिन त्याकडे पाही व भयानें पांढरा फटक पडे. ख्रिस्ताचें नांव ऐकतांच आपण लहानपणीं घाबरत असूं, असें त्यानें पुढें अनेकदां सांगितलें. बाप रागावतो, पंतोजी रागावतो, आणि सर्वांच्या वर जो बसला आहे तोही रागावलेलाच आहे, असा त्या मुलाच्या जगाचा आराखडा होता.

चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो प्रथम माग्डेबुर्गला व नंतर १४९८ सालीं आयसेनाख येथें शिकावयास गेला. आपल्याकडे गरीब विद्यार्थी माधुकरी मागत, त्याप्रमाणें तो इतर मुलांबरोबर दारोदार गाणीं म्हणून भाकरी मिळवी. तेथें एका सुखवस्तु, देवभीरु घराण्यानें त्याला आश्रय दिला व आपल्या पंक्तीस घेतलें. ही गोष्ट लहानशी दिसते. पण बालमनाचा अभ्यास करणारे आजचे विद्वान् एक गोष्ट एकमतानें सांगतात कीं, मार खाऊन वाढलेल्या मुलाला पुढें कोठें तरी एखादें मायेचें माणूस भेटलें, तर त्याचें जीवन सांवरण्याचा संभव पुष्कळ वाढतो. मार्टिनला तें घर भेटलें.

१५०१ सालीं तो एर्फुर्टच्या विद्यापीठांत गेला व १५०५ सालीं त्यानें एम्. ए. ची पदवी मिळविली. हान्सला आभाळ ठेंगणें झालें. त्यानें कायद्याचे महागडे ग्रंथ विकत घेऊन दिले, आणि त्या दिवसापासून तो आपल्या पोटच्या मुलाला तूं न म्हणतां तुम्ही म्हणूं लागला. त्याच वर्षीं २ जुलै रोजीं, घरून एर्फुर्टला परत जात असतां, स्टोटर्नहाइम गांवाजवळ मोठें वादळ झालें. वीज इतकी जवळ पडली कीं मार्टिन खालीं कोसळला. त्यानें खाणवाल्यांची कैवारी जी संत अॅना तिचा धांवा केला व वांचल्यास मठवासी होण्याचा नवस केला. पंधरा दिवसांनीं तो ऑगस्टिनच्या पंथाच्या मठांत दाखल झाला. नवस विजेच्या भयानें झाला खरा. पण आईबापांच्या कडक शिस्तीनेंच आपण मठाकडे ढकललें गेलों, असा निर्वाळा त्यानें स्वतः पुढें दिला आहे. बाप संतापानें वेडा झाला. त्यानें पत्र लिहून मुलाला पुन्हां तूं म्हणावयास आरंभ केला.

२ मे १५०७ रोजीं लूथरनें याजक ह्या नात्यानें आपला पहिला मिस्सा केला. त्यासाठीं हान्स वीस स्वार बरोबर घेऊन आला व मठाला त्यानें वीस गुल्डन देणगी दिली. वेदीपाशीं उभा असतां, जिवंत देवाशीं आपण आतां बोलणार ह्या विचारानें लूथरच्या अंगाला कांपरें भरलें. तेथून पळून जावें असें त्याला वाटलें. कसाबसा विधि उरकून तो पंक्तीला बापाशेजारीं बसला, आणि लहान मुलानें विचारावें तसें विचारता झाला कीं, माझ्या मठांत येण्यावर आपला एवढा राग कां? हान्सनें सर्व पाहुण्यांदेखत उत्तर केलें कीं, आईबापांच्या सन्मानाविषयींची आज्ञा तुम्ही विद्वान् लोकांनीं वाचिली नाहीं काय? आकाशांतून हांक आली असें मुलगा म्हणाला, तेव्हां ती सैतानाची फसवणूक नसली म्हणजे झालें, असें तो बोलला. हे शब्द लूथरच्या काळजांत रुतले. त्याच दिवशीं एकदां वेदीपाशीं व एकदां पंक्तींत, अशा दोन्ही पित्यांपुढें तो कांपत उभा होता.

मठांत त्यानें जें सोसलें त्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. उपास, जागरणें, थंडींत पांघरुणावांचून निजणें, हें तर होतेंच. पण खरी पीडा पापकबुलीची. एकेका वेळीं तासचे तास तो आपलीं बारीकसारीक पापें आठवून सांगत बसे, आणि उठून दोन पावलें जातो न जातो तों आणखी एक आठवे. बाळपणीं ज्यानें अपराध काय हें न समजतां मार खाल्ला, त्याला आपला अपराध पुरा सांगून झाला असें कधींच वाटत नसे.

येथें त्याला दुसरें मायेचें माणूस भेटलें. योहान फोन स्टाउपिट्स हा त्या पंथाचा वरिष्ठ होता. त्यानें लूथरचीं कबुल्यांचीं रडगाणीं ऐकून घेतलीं, प्रसंगीं त्याची थट्टाही केली, परंतु त्याला हाकलून दिलें नाहीं. ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहा, तेथें देव तुला आपलें मन दाखवितो, असें तो त्याला समजावी. एकदां आयस्लेबेन येथें, म्हणजे लूथरच्या जन्मगांवींच, मोठ्या सणाच्या मिरवणुकींत स्टाउपिट्स पवित्र भाकर हातीं घेऊन पुढें चालला होता व लूथर याजकाच्या वेषांत मागून जात होता. ख्रिस्त इतका जवळ आहे ह्या भयानें लूथरला घाम फुटला. त्यानें तें नंतर सांगितलें, तेव्हां स्टाउपिट्सनें उत्तर दिलें कीं, ज्यानें तुला भिवविलें तो ख्रिस्त नव्हे, कारण ख्रिस्त भिववीत नाहीं, सांत्वन करितो. पुढें लूथर स्टाउपिट्सला आपला आत्मिक पिता म्हणत असे. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायाचा अर्थ त्याला उलगडला, देवाचें नीतिमत्त्व हें मारणारें नसून विश्वासानें मिळणारें दान आहे हें त्याला दिसलें, ही सुधारणेची मूळ गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. ती त्याला शास्त्राच्या अभ्यासांत सांपडली ह्यांत शंका नाहीं. पण ती त्याच्या गळीं उतरली, ह्याचें कारण एका मनुष्यानें आधीं त्याच्याशीं तसें वागून दाखविलें होतें, असें आम्हांस वाटतें.

येथें एक खुलासा करावा लागतो. १९५८ सालीं एरिक एरिक्सन ह्या मानसशास्त्रज्ञानें तरुण लूथरवर एक ग्रंथ लिहिला व त्याच्या बाळपणांतील बापाच्या धाकावरून पुढील सर्व चरित्राचा उलगडा करण्याचा यत्न केला. पुष्कळ इतिहासकारांस तें पटलें नाहीं. लूथरच्या बाळपणाविषयींचा पुरावा थोडा, तोही उतारवयांतील आठवणींचा. शिवाय त्या काळीं सर्वच मुलांना मार पडे, आणि सगळे कांहीं लूथर झाले नाहींत. हा आक्षेप रास्त आहे. सुधारणा ही एका मुलाच्या पाठीवरील वळांतून जन्मली असें म्हणणें हा पोरकटपणा होईल. परंतु मुलाच्या भयाचा आणि मठवाशाच्या भयाचा संबंध लूथरनें स्वतःच सांगितला आहे, तो कोणा परक्यानें जोडलेला नाहीं.

बापाशीं असलेला तंटा त्यानें मनांत कुजत ठेविला नाहीं, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. १५२१ च्या नोव्हेंबरांत, वार्टबुर्गच्या किल्ल्यांत लपून असतां, मठवासाच्या नवसांविरुद्ध त्यानें एक ग्रंथ लिहिला आणि तो बापालाच अर्पण केला. अर्पणपत्रिकेंत त्यानें त्या पंक्तींतल्या प्रसंगाची आठवण उघडपणें काढिली. तेव्हां आपण बापाचें ऐकलें नाहीं हें कबूल केलें. आणि बापाला जें जमलें नाहीं तें देवानें केलें, मला मठांतून बाहेर काढिलें, पण आतां मी देवाचा आहें, असें त्याला कळविलें. मार बरोबर होता असें त्यानें म्हटलें नाहीं, आणि बापाला दूरही लोटलें नाहीं. मार खाल्लेल्या मुलांना मोठेपणीं ह्या दोहोंपैकीं एकच वाट दिसते: एक तर आम्हांला मारिलें म्हणूनच आम्ही सुधारलों असें म्हणून तीच छडी उचलावयाची, नाहीं तर आईबापांचें तोंड पाहावयाचें नाहीं. लूथर मधून गेला.

१३ जून १५२५ रोजीं त्यानें कॅथरिना फोन बोरा हिच्याशीं लग्न केलें. तो एकेचाळीस वर्षांचा, ती सव्वीस वर्षांची. तिचेंही बाळपण पोरकेंच होतें. आई लवकर वारली, आणि पांचसहा वर्षांची असतांच बापानें तिला मठाच्या स्वाधीन केलें. १५२३ च्या ईस्टरच्या रात्रीं मासे वाहणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या गाडींतून इतर जोगिणींबरोबर ती पळून आली होती. घर म्हणजे काय हें ज्यांना धड ठाऊक नव्हतें अशा दोघांनीं विटेनबर्गच्या ओस पडलेल्या मठांत संसार मांडिला. लग्नाचें एक कारण लूथरनें असें दिलें कीं, बापाला नातवंडें पाहण्याची इच्छा आहे. आणि त्या महिन्याच्या शेवटीं झालेल्या मेजवानीला हान्स व मार्गारेटा दोघेंही आलीं होतीं.

लग्नाच्या तीन वर्षें आधींच, म्हणजे १५२२ सालीं, विवाहित जीवनावर लिहितांना त्यानें असें म्हटलें होतें कीं, बाप स्वतः मुलाचीं लंगोटें धुऊं लागला तर शेजारी त्याला बायकी म्हणून हंसतील, पण देव व त्याचे दूत आनंदानें हंसतील. हें त्यानें अंगीं लेपण्याआधीं लिहिलें. पण पुढें सहा मुलें झालीं तेव्हां तें त्याच्या वागण्यांत दिसलें. तो मुलांबरोबर गात असे, ल्यूट हें तंतुवाद्य वाजवीत असे असें म्हणण्यापेक्षां, घरांत रोज संध्याकाळीं गाणें चाले एवढें सांगितलें म्हणजे पुरे. बहिणींचीं पोरकीं मुलें, बायकोचे भाचे, विद्यार्थी, आश्रयाला आलेले लोक, यांनीं तें घर भरलेलें असे. मुलांना शिक्षा करूं नये असें त्याचें मत नव्हतें. पण छडीजवळ सफरचंदही ठेवावें, असें तो सांगे, आणि हें सांगतांना त्याच अक्रोडाची गोष्ट काढी. १५४२ सालीं मृत्युपत्र करितांना त्यानें त्या काळची चाल मोडून सर्व मालमत्ता व मुलांचें पालकत्व कॅथरिनाच्या हातीं दिलें. आई आपल्या मुलांची उत्तम पालक आहे असा त्याचा भरंवसा होता.

ह्या पितृत्वाचें सर्वांत स्पष्ट चित्र १५३० सालचें आहे. त्या वर्षाच्या फेब्रुवारींत हान्स फार आजारी असल्याचें कळलें. लूथरला प्रवास करणें धोक्याचें होतें, म्हणून त्यानें भाच्याच्या हातीं पत्र पाठविलें, आईबापांनीं विटेनबर्गला येऊन आमच्याजवळ राहावें म्हणून विनविलें, आणि बापाचें सांत्वन केलें. पण हान्सला प्रवास झेपला नाहीं. एप्रिलपासून लूथर कोबुर्गच्या किल्ल्यांत होता. तेथें ५ जून रोजीं बाप वारल्याची बातमी आली. पत्र वाचून त्यानें स्तोत्रसंहिता उचलली, आंतल्या खोलींत गेला, आणि इतका रडला कीं दुसऱ्या दिवशीं त्याचें डोकें जड झालें होतें. त्याच सुमारास कॅथरिनानें वर्षभराच्या मागदालेनाचें चित्र काढवून पाठविलें. प्रथम त्याला तें ओळखूंच येईना, फार काळें दिसतें असें तो म्हणाला. मग रोज जेवतांना दिसेल असें समोरच्या भिंतीवर तें त्यानें लावून ठेविलें. आणि १९ जून रोजीं, बापाच्या मृत्यूची बातमी येऊन दोनच आठवडे झाले असतां, त्यानें चार वर्षांच्या हान्सला एक पत्र लिहिलें. आजोबांचेंच नांव नातवाला होतें. पत्रांत एका सुंदर बागेचें वर्णन आहे: मुलें सोनेरी डगले घालून तेथें फिरतात, झाडांखालचीं सफरचंदें, पेअर व चेरी वेंचतात, सोन्याचे लगाम व रुप्याचीं खोगिरें घातलेले लहान घोडे त्यांना बसावयास आहेत, ढोल व बांसऱ्या आहेत, आणि जीं मुलें प्रार्थना करितात व अभ्यास करितात त्या सर्वांना तेथें येऊं देतात. ज्या मुलाला स्वर्ग म्हणजे न्यायासन एवढेंच ठाऊक होतें, त्यानें बाप झाल्यावर आपल्या मुलाला स्वर्ग दाखविला तो असा. फळें वेंचल्याबद्दल तेथें कोणी मारीत नाहीं.

पुढील वर्षीं आई आजारी पडली. २० मे १५३१ रोजीं त्यानें तिला लांब पत्र लिहून आग्रहानें सांगितलें कीं, ख्रिस्ताला कठोर न्यायाधीश समजून भिऊं नकोस, तो तारणारा आहे. शेवटीं घरची खबर दिली: सर्व नातवंडें तुझ्यासाठीं प्रार्थना करितात, कोणी रडतात, कोणी जेवतां जेवतां म्हणतात कीं आजी फार आजारी आहे. ३० जून रोजीं ती वारली. जिच्या हातून रक्त निघालें तिला त्यानें मरतेवेळीं हें पोंचविलें.

एवढ्यावर थांबलों असतों तर गोष्ट फार गोड झाली असती. पण ती खरी झाली नसती. जुना हात मधूनमधून वर येई. थोरल्या हान्सनें एकदां कांहीं अपराध केला, तेव्हां लूथरनें तीन दिवस त्याला आपल्यापुढें येऊं दिलें नाहीं. मुलानें लेखी क्षमा मागितली, आईनें व घरच्या स्नेह्यांनीं रदबदली केली, तरी आडदांड मुलगा असण्यापेक्षां मेलेला बरा, असे शब्द त्याच्या तोंडून गेले. १५४२ च्या ऑगस्टांत हान्सला व त्याच्याबरोबर कॅथरिनाच्या एका भाच्याला टॉर्गाउच्या शाळेंत पाठविलें. भाच्यानें जातांना लहान पाउलची सुरी लांबविली व खोटें सांगितलें, असें कळतांच लूथरनें शाळामास्तरांना लिहून त्या मुलाला तीन दिवस रोज छड्या मारण्यास सांगितलें. मान्सफेल्टची शाळा ज्यानें नरकासारखी म्हटली, त्याच मनुष्याच्या हातचें हें पत्र आहे. मार खाल्लेलीं बहुतेक मुलें पुढें मारकुटे आईबाप होत नाहींत, असें आज आपणांस माहीत आहे. पण ज्यांची सुटका होते त्यांच्याही हातांत राग आला म्हणजे जुनीच सवय जागी होते.

पुढच्याच महिन्यांत तेरा वर्षांची मागदालेना अखेरच्या आजारानें पडली. तिला हान्सची फार ओढ होती. लूथरनें गाडी पाठवून त्याला आणविलें. २० सप्टेंबर रोजीं ती बापाच्या हातांवर वारली. तो खाटेपाशीं गुडघे टेकून रडत होता. ती स्वर्गांत सुखी आहे ह्याविषयीं त्याला शंका नव्हती, तरी दुःख आंवरत नव्हतें, हें त्यानें मित्रांस मोकळेपणीं लिहिलें. त्या नाताळांत टॉर्गाउला परतलेल्या हान्सला घरची आठवण अनावर झाली. आईनें त्याला सांगून ठेविलें होतें कीं, बरें नसेल तर घरीं ये. लूथरनें लिहिलें कीं, रडणें पुरुषासारखें आंवर, आईला आणखी दुःख देऊं नको, शाळेंत राहा; खरोखरच आजारी पडलास तर मात्र कळीव. ज्या बापाला स्वतःच्या मुलीसाठीं रडें आंवरलें नाहीं, त्यानें सोळा वर्षांच्या मुलाला त्याच्या बहिणीसाठीं रडणें आंवरावयास सांगितलें.

घराबाहेर त्याचा राग याहून पुष्कळ मोठा होता. १५२५ सालीं बंड करणाऱ्या शेतकऱ्यांविरुद्ध व १५४३ सालीं यहूद्यांविरुद्ध त्यानें जें लिहिलें तें वाचवत नाहीं. अमेरिकेंतील इव्हँजेलिकल लूथरन मंडळीनें १९९४ सालीं त्या यहूदीविरोधी लिखाणाचा जाहीर धिक्कार केला. त्याचे जवळचे सोबतीही त्याच्या तापटपणाला भीत. ह्याचें खापर बाळपणावर फोडणें न्याय्य नाहीं; प्रौढ मनुष्य आपल्या लेखणीचा जबाबदार असतो.

१५४६ च्या जानेवारींत मान्सफेल्टच्या जहागीरदार भावाभावांतील तंटा मिटविण्यासाठीं तो आजारी असतांही निघाला. मुलगे बरोबर होते. कॅथरिना काळजीनें पत्रामागून पत्र लिहीत होती, आणि तो तिची थट्टा करून, तुझ्यापेक्षां माझी काळजी घेणारा चांगला आहे, असें तिला कळवीत होता. तंटा मिटला. १८ फेब्रुवारीच्या पहांटे आयस्लेबेन येथें, ज्या गांवीं तो जन्मला त्याच गांवीं, त्यानें प्राण सोडिला. चौदा वर्षांचा मार्टिन व नुकतीं तेरा पुरीं झालेला पाउल असे दोघे मुलगे तेव्हां त्याच्या खाटेपाशीं होते.